मीटरचा उजेड

विनोदच्या ट्रकच्या मीटरमध्ये उजेड पडला आणि कुलदीपच्या पोटात दुखायला लागलं. खरं म्हणजे दुसऱ्याच्या गाडीत चार बल्ब नवे लागले म्हणून कोणाच्या पोटात दुखायचं कारण नाही. पण ते बल्ब लावणारी बाई कुलदीपची बायको होती.

विनोद आणि कुलदीप दोघंही भाड्यानं धान वाहायचे. दोघांच्या गाड्या जुन्या, सहाचाकी, तीन-चार मालकांच्या हाताखालून आलेल्या. कुलदीपची गाडी त्याच्या बापानं, वामनरावानं घेतली होती. वामनराव गेला आणि गाडी कुलदीपच्या हाती आली. इंजिन अजून दणकट होतं, पण स्टिअरिंगमागची मीटरची काच म्हणजे नुसता अंधार. आतले बोराच्या बीएवढे बल्ब वर्षानुवर्षं जळून काळे पडले होते. दिवस मावळला की वेगाचा काटा, ऑइलचा काटा, पाणी किती तापलं ते सांगणारा काटा, सगळे एकाच राखेत बसल्यासारखे दिसायचे. मग कुलदीप मोबाइलची बॅटरी लावून मोबाइल दातात धरायचा आणि तसाच गाडी हाकायचा. गावी उतरेपर्यंत त्याचा जबडा आखडून जायचा.

धानाची मळणी सुरू झाली तेव्हाच रिना म्हणाली होती, "मी लावून देते न एलईडी. अर्ध्या घंट्याचं काम आहे."

रिनानं लग्नाआधी चंद्रपूरला आयटीआयमधून इलेक्ट्रिशियनचा कोर्स केला होता. लग्नानंतर ते सर्टिफिकेट पत्र्याच्या पेटीत गेलं आणि ती धानाच्या रोवणीला गेली. या पावसाळ्यापासून मात्र ती पोंभुर्ण्याच्या स्टँडजवळ केसरबाईच्या दुकानात जायला लागली होती. केसरबाईचा नवरा गाड्यांचं वायरिंग करायचा. तो वारल्यावर बाईनं शटर पाडलं नाही, एवढंच. तिला हाताखाली कोणीतरी हवंच होतं.

"बाईनं गाडीच्या तारांत हात नाई घालू," कुलदीप म्हणाला.

"काऊन? कोणत्या पुस्तकात लिवलं?"

"पुस्तकात नाई. माहा बाप म्हणे."

सासू रुखमा चुलीपाशी बसली होती. ती म्हणाली, "तुहा बाप तं ऑइलबी स्वतः नाई पाह्ये. मले पाह्यले लावे." पण तिच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही. रिना गप्प झाली. ती गप्प झाली म्हणजे विषय संपला असं कुलदीपला वाटलं. इथंच तो फसला.

त्यानंतर एका संध्याकाळी मूल गावच्या राइस मिलवर गाड्यांची रांग लागली होती. आभाळ भरून आलं होतं, आणि खळ्यावरचं धान भिजायच्या आत हलवायचं म्हणून सगळ्या गावांची घाई चालली होती. विनोदची गाडी पुढे उभी होती. कुलदीप तंबाखू मागायला म्हणून तिच्या पायदानावर चढला आणि आत डोकावला. मीटर लख्ख दिसत होतं. पांढरा, थंड, स्वच्छ उजेड. आकडान् आकडा वाचता येत होता. काट्याच्या टोकावरचा नारिंगी रंगसुद्धा दिसत होता. आपल्याही गाडीत काट्याला असा रंग असेल, हे कुलदीपला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

"कोणं केलं बे?"

"कोणं म्हणजे? वहिनीनं," विनोद म्हणाला. "तुले सांगतलं नाई का?"

विनोदनं दिलेला तंबाखू कुलदीपच्या हातातच राहिला. विनोद वाईट माणूस नव्हता. हसरा होता, दाढी रोजच्या रोज करायचा आणि त्याच्या गाडीत कायम गाणी चालू असायची. एवढंही जळायला पुरेसं असतं. मिलचा मॅनेजर धनराज तेवढ्यात तिथं आला. त्यानं आत पाहिलं, शिट्टी वाजवली आणि म्हणाला, "वा रे विनोद! गाडी आहे का विमान? आता संध्याकाळच्या ट्रिपा तूच मार. हा कुलदीप तं दातात मोबाइल धरून येते, कधी नाल्यात घालन सांगता येत नाई."

हमाल हसले. पोत्यांवर बसलेला दसरू तेवढा हसला नाही. तो जंगलाकडच्या गावचा, बोलणं मुळातच कमी. पण कुलदीपला त्याचंही न हसणं टोचलं.

विनोदनं चावी फिरवून मीटर पुन्हा दाखवलं. सगळा उजेड पांढरा, पण एका कोपऱ्यात बॅटरीचं चित्र असलेला लाल दिवा जुनाच, मळका पेटला. इंजिन सुरू झालं तसा विझला.

"हे एक राहूनच गेलं वाटते तुह्या मिस्त्रीणीचं," कुलदीप म्हणाला.

"राहू दे," विनोद म्हणाला आणि गालातल्या गालात हसला. "त्याची मजा वेगळी आहे."

ते हसू कुलदीपच्या डोक्यात गेलं. आणि त्याच वेळी त्याला मीटरखालच्या फळीवर, विनोदच्या कंगव्याशेजारी, केसात लावायचा काळा आकडा दिसला. वाकलेला, एका टोकाला सरळ केलेला. रिना तसल्या आकड्यांनी बुचड्याखालचे केस चापायची. विनोद मॅनेजरशी बोलत होता. कुलदीपनं तो आकडा उचलून खिशात टाकला आणि पायदानावरून उतरला.

घरापर्यंत तो आकडा त्याच्या मांडीला टोचत होता.

घरी रिनानं ताट वाढलं. भात, तुरीचं वरण, वांग्याची भाजी. कुलदीप जेवला, पण तिच्याकडे न बघता जेवला. तिचं डोकं मात्र त्यानं बघून घेतलं. आकडे होते. किती होते ते आधी कोणी मोजलं होतं?

"विनोदच्या गाडीत काम केलं म्हणे तू."

"हो. केसरबाईच्या दुकानात आणली होती त्यांनी गाडी."

"मले नाई सांगतलं."

"तुमाले नको होतं न. मंग काय सांगू?"

"पहिला उजेड दुसऱ्याच्या गाडीत लावला तू."

रिनानं त्याच्याकडे पाहिलं. काही सांगायला तिनं तोंड उघडलंही, पण त्याआधीच कुलदीपनं ताटात हात धुतला. "उद्यापासून दुकानात जायचं नाई," तो म्हणाला.

"धानाचा हंगाम होऊ द्या. मंग पाहू," रिना म्हणाली. आणि सकाळी डबा घेऊन ती दुकानात गेली.

आता कुलदीपची अवस्था अशी, की विनोदची गाडी समोरून गेली तरी त्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. गाडीच्या आतला उजेड दिवसा बाहेरून दिसत नाही. पण कुलदीपला तो दिसायचा. त्या उजेडात रिना वाकून तारा ओढते आहे, तोंडात टेप धरून, केस सुटलेले, आणि विनोद शेजारी बसून तिला पकड देतो आहे, असं सगळं त्याला स्वच्छ दिसायचं. केसरबाई त्या चित्रात कुठंच नसायची. मत्सर करणारा माणूस आपल्या सोयीनं माणसं वगळतो.

चंद्रपूरला टायर आणायला गेला तेव्हा त्यानं एका दुकानातून एलईडी घेतले. दुकानदारानं विचारलं, "साधे पाह्यजे का फुल ब्राइट?"

"सगळ्यात मोठ्ठा उजेड पडला पाह्यजे," कुलदीप म्हणाला. "आन मोजून सगळे द्या. एकबी जुना ठेवायचा नाई."

रिना दुकानात गेल्यावर त्यानं अंगणात गाडी घेतली, मीटरची पेटी सोडवली आणि पोटावर ओढली. आतले बल्ब खोबणीत घट्ट बसलेले. बोटं जाईनात. स्क्रूड्रायव्हर मोठा पडू लागला. त्यानं खूप धडपड केली, नखाखालून रक्त काढलं, रुखमावर ओरडून घेतलं. मग काही न सुचून खिशात हात घातला, तर तो आकडा. टोक सरळ केलेलं होतंच. त्यानं खोबणीत घातलं आणि थोडं उचकलं. बल्ब टुपकन बाहेर आला.

कुलदीप आकड्याकडे बघत बसला. हा आकडा असा का वाकला, ते त्याला कळलं होतं. पण कळलं म्हणून काय झालं? मत्सर तेवढ्यानं उतरत नाही. उलट त्याला वाटलं, ही बाई केसातला आकडा काढून दुसऱ्याच्या गाडीचे बल्ब उपसते. आणि त्यानं सगळेच बल्ब उपसले, बॅटरीच्या चित्रामागचासुद्धा. विनोदचं जे राहिलं होतं ते आपलं राहू द्यायचं नव्हतं.

नवे काही पेटले, काही पेटले नाहीत. जे पेटले नाहीत ते त्यानं उलटे करून लावले, की पेटले. ही युक्ती स्वतः सापडल्याचा त्याला फार आनंद झाला. बॅटरीचा लाल तेवढा चावी फिरवली तरी पेटला नाही, आणि तो त्यानं उलटवूनही पाहिला नाही.

"हा तं आधी पेटे न?" रुखमा पायदानाशी उभी होती.

"लाल दिवा पेटणं चांगलं नसते, माय. लाल म्हणजे बिघाड. आता बिघाडच नाई."

रुखमाला ते पटलं नाही, पण तिला लाकडं फोडायची होती. संध्याकाळी कुलदीपनं जुने बल्ब मुठीत घेतले, पुलावर गाडी थांबवली आणि ते नाल्यात भिरकावले. पाण्यात त्यांचा आवाजही आला नाही.

रिनाला त्यानं सांगितलं नाही. ती आपोआप बघेल आणि तिचं तोंड उतरेल, अशी त्याची इच्छा होती.

दोन दिवस गाडी दिवसाच चालली. धान भर, मिलवर उतरव, परत ये. प्रत्येक खळ्यावर गाडी बंद करायची आणि चालू करायची. दुसऱ्या दिवशी दुपारी स्टार्टर जरा कण्हत फिरला. कुलदीपला वाटलं, थंडीनं असेल. संध्याकाळी मिलवर त्यानं मॅनेजरला हाताला धरून केबिनमध्ये चढवलं आणि मीटर पेटवून दाखवलं. धनराजनं डोळे मिचकावले. "अबे, हे तं लग्नाचा मंडप केला!"

"मंग? आजची ट्रिप मले."

विनोद बाजूला उभा होता. त्यानं आत बघितलं, भुवई वर केली आणि विचारलं, "हे वहिनीनं लावलं का?"

"माही गाडी आहे. मी लावलं."

विनोद काही बोलणार होता, पण कुलदीपनं खाडकन दार ओढलं. ट्रिप त्याला मिळाली. पोंभुर्ण्याकडच्या एका गावातून शेवटची भरती आणायची होती. मिलपासून तिथंपर्यंत मध्ये जंगलाचा पट्टा. चढवा-उतरवायला दसरू आणि आणखी दोन हमाल गाडीत होते. जाताना उजेड होता. भरून निघाले तेव्हा सागाच्या पानांत अंधार बसला होता. हमाल वर धानाच्या पोत्यांवर चादरी गुंडाळून बसले. कुलदीपनं हेडलाइट लावले आणि मीटरकडे बघून स्वतःशीच हसला.

जंगल लागलं आणि रस्ता हळूहळू पिवळा व्हायला लागला. आधी त्याला वाटलं काच मळली. त्यानं फडकं काढून आतून पुसली. मग वाटलं धुकं आहे. पण रस्ता पिवळ्याचा तांबूस झाला, तांबडा झाला, आणि बाजूच्या झाडांचे बुंधे दिसेनासे झाले. हॉर्न दाबला, तर म्हाताऱ्या बैलासारखा घोगरा आवाज निघून विरला. आत मात्र मीटर लखलखत होतं. वेगाचा काटा, ऑइलचा काटा, नारिंगी टोक, सगळं दिसत होतं. तो उजेड समोरच्या काचेवर पडून त्याचंच तोंड त्याला दाखवत होता. तोंडापलीकडे रस्ता होता, तो दिसत नव्हता.

त्यानं ब्रेक लावला. एक चाक रस्त्याच्या खाली उतरलं होतं.

"काय झालं?" वरून दसरूनं हाक मारली.

"लाइट गेले."

"गाडी बंद नको करू," दसरू म्हणाला. "आवाज राहू दे. इथी परवा पट्टेवाला वाघ दिसला होता."

जुनं डिझेल इंजिन, बॅटरीशिवायही धडधडत राहिलं. कुलदीपनं फोन काढला, पण नेटवर्क नव्हतं. हमालांपैकी एकाला लघवीला उतरायचं होतं, पण तो उतरला नाही. पोत्यांच्या कडेवरूनच त्यानं काम उरकलं आणि ते पाणी केबिनच्या पत्र्यावरून कुलदीपच्या खिडकीजवळून ओघळलं. कुलदीपनं काच वर केली. आपल्या मूर्खपणानं तीन माणसं जंगलात अडकली, हे त्याला आता कळत होतं. आणि त्याहून जास्त त्याला एकच भीती वाटत होती, की मागून येणारी गाडी विनोदची नसावी.

ती विनोदचीच होती.

विनोद शेजारी येऊन थांबला आणि आपल्या खिडकीतून त्यानं कुलदीपच्या केबिनमध्ये टॉर्च मारली. टॉर्चची गरज नव्हती. आतला मंडप अजून जळत होता.

"तो लालबी बदलवला का बे तू?"

कुलदीपनं मान हलवली.

विनोद हसला. पण आधीसारखा नाही. "मलेबी असंच झालं होतं. सिंदेवाहीच्या रस्त्यानं. चाल, माह्या मागं लाग. माहा मागचा लाल दिवा सोडू नको. गाडी बंद करशील तं चालू होणार नाई."

आणि मग कुलदीप सगळा रस्ता विनोदच्या मागं चालला. विनोदच्या हेडलाइटचा उजेड पुढच्या झाडांवर पडायचा, त्यातला उरलासुरला कुलदीपला मिळायचा. विनोद हळू गेला की हा हळू, विनोद वळला की हा वळला. आपल्या बायकोनं ज्या गाडीत हात घातला, त्या गाडीच्या मागच्या दोन लाल ठिपक्यांवर डोळे लावून त्यानं मिल गाठली. हमाल उतरले. दसरू जाताना एवढंच म्हणाला, "तिकडं उजेड बाहेर पाह्यजे होता." धान उतरवून होईपर्यंत गाडी चालूच ठेवली होती. मग विनोदनं त्याला तसाच घरापर्यंत पोचवला.

सकाळी अंगणात ऊन पडलं तेव्हा रिना केबिनमध्ये चढली. कुलदीपनं अडवलं नाही. तो टायरला पाठ लावून बसला होता. रिनानं चावी फिरवली. मीटर आता मंद झालं होतं आणि बॅटरीचं चित्र काळं होतं.

"जुना बल्ब कुठी आहे?"

"नाल्यात."

"सगळे?"

"सगळे."

रुखमा हसत सुटली आणि पदर तोंडाला लावून घरात गेली.

"तो नुसता दिवा नाई," रिना म्हणाली. "त्याच्यातून थोडा करंट अल्टरनेटरले जाते, तवा ते जागं होते, मंग बॅटरी भरते. एलईडी तेवढा करंट घेतच नाई. आन तुमी तं उलटा लावला. पेटलाबी नाई."

"तुले हे माहीत होतं."

"आधी नवतं. आयटीआयत गाड्या नाई शिकवत. विनोदभाऊच्या गाडीत मीबी सगळेच बदलवले होते. दोन दिवसांत त्याइचे लाइट गेले. मंग केसरबाई बोलली मले, आन मी जाऊन जुना परत लावला. म्हणून तो तसा आहे."

कुलदीपनं मान वर केली. विनोद हसला होता ते यावर. "मंग मले काऊन नाई सांगतलं?"

"सांगत होती. तुमी ताटात हात धुतला."

कोंबड्या अंगणात सांडलेलं धान टिपत होत्या. जे आतून कुरतडत होतं ते कुलदीपनं विचारून टाकलं. "पहिली त्याची गाडी काऊन? माही काऊन नाई?"

रिना केबिनमधून खाली वाकली. तिचा चेहरा रागानं लाल झाला होता. "मले शिकायचं होतं. शिकताना एखांदी गाडी बिघडणारच होती. मंग कोणाची बिघडायले पाह्यजे होती? विनोदची का तुमची?"

इतके दिवस ज्यावर जळलो ती विनोदवरची मेहेरबानी नव्हती, रिनानं त्याच्या गाडीवर आपल्यासाठी हात बसवला होता, हे कुलदीपच्या डोक्यात हळूहळू उतरत गेलं. त्याला हसू यायला हवं होतं, पण डोळ्यांत पाणी आलं. ते लपवायला तो टायरचे नट चाचपू लागला.

तेवढ्यात फाटकाशी विनोद आला. त्याच्या हातात एक डबी होती. "वहिनी, माह्या गाडीचे जुने बल्ब तुमीच ठेवायले लावले होते न. घ्या. त्यात लागन एखांदा."

रिनानं काचेतून पाहून एक बल्ब निवडला. काळपट, पण तार शाबूत. कुलदीपच्या गाडीत विनोदचा जुना बल्ब लागणार होता, आणि अजूनही, एवढं सगळं होऊनही, कुलदीपच्या पोटात बारीकशी कळ आलीच.

"उद्या मी चंद्रपूरवरून नवा आणतो," तो म्हणाला. "हा त्याचा त्याले वापस."

"आणा," रिना म्हणाली. "पण लावीन मी."

"लाव."

तिनं मीटरची पेटी बाहेर ओढली आणि हात मागं बुचड्याकडे नेला. बोटांनी चाचपून पाहिलं. आकडे कमी होते आणि होते त्यांनी केस धरलेले होते. "बारीक काही पाह्यजे. खोबणीत बोट जात नाई."

कुलदीप उठला. पायदानावर चढला, खिशात हात घातला आणि तो वाकलेला आकडा तिच्यासमोर धरला.

रिनानं आकड्याकडे पाहिलं, मग फाटकातल्या विनोदकडे, मग नवऱ्याकडे. तिला सगळं समजलं. तिनं आकडा घेतला, लाल एलईडी उचकून काढला, विनोदचा काळपट बल्ब खोबणीत बसवला आणि चावी फिरवली. कोपऱ्यात मळका लाल दिवा पेटला.

मग तो आकडा दातांनी वाकवून तिनं केसात खोचला.